तिथं देव कुठला?

आमच्या आबांना सहलीचं कुठलंही ठिकाण सांगितलं की ते एकच प्रश्न विचारतात, ‘तिथं देव कुठला?’ प्रश्नात खोच नसते, निखळ कुतूहल असतं. माणूस गुरांची सोय लावतो, डेअरीला कळवतो, किल्ली शेजारी ठेवतो आणि घर सोडून कुठंतरी जातो, तर तिथं कोणीतरी आपली वाट पाहणारं असावं, अशी त्यांची साधी समजूत आहे. नातेवाईक असावा, नाहीतर देव असावा. अगदीच नाही तर डॉक्टर.

मोहोळच्या माणसाची अशी समजूत का होते, ते नकाशा पाहिला की कळतं. गावात नागनाथ. चाळीसेक किलोमीटरवर पंढरपूर. तिकडं बार्शीचा भगवंत, तुळजापूरची आई, अक्कलकोटचे स्वामी, आणि कर्नाटकात जरासं शिरलं की गाणगापूर. सगळे देव असे सोयीनं वसलेत की सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या धारांना घरी. त्यामुळं आमच्या घरात प्रवास पुष्कळ झाला, मुक्काम मात्र फारसा झाला नाही. मुक्काम करायचा तो लग्नघरी किंवा दवाखान्यात. घरी आपलं अंथरूण रिकामं पडलेलं असताना दुसरीकडं पैसे देऊन झोपायचं, हा खर्च आबांच्या कुठल्याच खात्यात बसत नव्हता.

माझं म्हणाल तर लग्न होऊन पुण्याला गेले तरी मे महिना माझा नाही, मोहोळचा. बाहेर त्रेचाळीस अंश, गच्चीवर आईच्या कुरडया, रात्री त्याच गच्चीवर आम्ही. पोरींना माहेरी जायला निमित्त लागत नाही, मे महिना पुरतो. यंदा मात्र दादानं जाहीर केलं की आपण सगळे मिळून समुद्रावर जायचं, समुद्राकडं तोंड केलेल्या हॉटेलात राहायचं, आणि काही करायचं नाही. ‘काही करायचं नाही’ हे त्यानं दोनदा सांगितलं. पोरांनी मोबाईलवर हॉटेलातला पोहण्याचा तलाव बघून ठेवलाच होता. आबांचा प्रश्न येणार हे ठाऊक असल्यामुळं दादानं आधीच गणपतीपुळे निवडलं होतं.

‘गणपती हाय की आबा. समुद्राला लागूनच.’

‘मग ठीकाय,’ आबा म्हणाले, आणि पंचांग काढून बसले.

कोकणातल्या जुन्या लोकांनी हे ओळखलं असावं असं मला कधीकधी वाटतं. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गुहागरचा व्याडेश्वर, देवगडकडचा कुणकेश्वर. जिथं वाळू चांगली तिथं देव आहेच. घाटावरच्या माणसाला नुसत्या पाण्यासाठी कोण आणणार? तो देवाला येतो, आणि आलाच आहे तर पाय भिजवून जातो. गणपतीपुळ्याला तर देवाच्या पायरीवरून उतरलं की वाळूच. देऊळ डोंगराला टेकलेलं, डोंगर हाच देव मानलेला, त्यामुळं प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या डोंगराला, जवळजवळ किलोमीटरभर. घाटावरच्या पायांना हे बरं वाटतं. दर्शनाला थोडं चालावं लागलं नाही तर आम्हाला दर्शन झाल्यासारखं वाटत नाही.

हे निमित्ताचं वेड फक्त आपलंच असं मात्र नाही. समुद्रावर सुट्टी घालवायची टूम ज्यांनी काढली त्या युरोपातल्या लोकांनाही सुरुवातीला निमित्त लागलंच होतं. त्यांनी देवाऐवजी डॉक्टर पुढं केला. १७५०च्या सुमारास रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरानं गाठींच्या विकारांवर समुद्राचं पाणी किती गुणकारी आहे याचं पुस्तक लिहिलं. त्यात नुसतं डुंबणं नव्हतं, ते पाणी प्यायचंही होतं. लोक प्यायले. ब्रायटन नावाचं कोळ्यांचं गाव त्या खाऱ्या पाण्यावर श्रीमंत झालं. पुढं छातीच्या विकाराचे इंग्रज भूमध्य समुद्राकाठच्या नीस गावी जाऊन राहू लागले, आणि तेही हिवाळ्यात. उन्हाळ्यात तिकडची मोठी हॉटेलं चक्क कुलूप लावून बंद असत, कारण उन्हानं रापणं हे शेतमजुराचं लक्षण समजलं जाई. १९२३ साली मर्फी नावाच्या अमेरिकन जोडप्यानं आंतीब इथल्या एका बड्या हॉटेलाला गळ घालून उन्हाळ्यातही उघडं ठेवायला लावलं. बघता बघता ऊन अंगावर घेणं ही चैन झाली. १९३६ मध्ये फ्रान्सनं कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं दिली, आणि समुद्रावर जायला सरकारी निमित्त मिळालं. आमच्या मोहोळात माणसं वर्षभर फुकट काळी होतात, त्याचं कुणाला कौतुक नाही.

नीसच्या समुद्राकाठच्या प्रसिद्ध रस्त्याची गोष्ट तर मला घरचीच वाटते. १८२०च्या सुमारास कडाक्याच्या थंडीनं तिथल्या संत्र्याच्या बागा गेल्या, हाताला काम राहिलं नाही, लोक भीक मागू लागले. मग तिथं राहणाऱ्या इंग्रजांनी वर्गणी काढली आणि त्या लोकांना लावून समुद्राकाठानं चालायला वाट करून घेतली. म्हणजे दुष्काळी काम! आमच्या तालुक्यातला आष्टीचा तलावही तसाच, १८७६-७७च्या दुष्काळात हाती घेतलेलं काम. लहानपणी आम्हाला ‘समुद्र असाच असतोय, जरा मोठा’ म्हणून दाखवला जायचा तो हाच तलाव. बाहत्तरच्या दुष्काळात आबांनी स्वतः खडी फोडलेली आहे. नीसची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, ‘रोज काय मिळत हुता?’

आता रस्त्याविषयी. मोहोळहून समुद्राकडं जाणारा रस्ता आमच्या घराला तुकड्यातुकड्यानं ठाऊक होता, फक्त एका दमात कुणी गेलं नव्हतं. पहिला तुकडा पंढरपूरपर्यंत, तो विठोबाचा. गाडी तिथून सरळ पुढं नेणं शक्यच नव्हतं. निघून तास झाला नाही तोच पहिला थांबा, नामदेव पायरीवर डोकं टेकलं, मुखदर्शन घेतलं. दुसरा तुकडा सांगोल्यावरून मिरजेपर्यंत, तो डॉक्टरांचा. वानलेससाहेबांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून ते गाव दुखण्याची राजधानी झालं, आणि आमच्या भागातल्या प्रत्येक घरात ‘मिरजेला नेलं हुतं’ या वाक्यानं सुरू होणारी एक तरी गोष्ट असते. आमच्या घरात अशा तीन आहेत. मिरज येईपर्यंत आईनं त्या तिन्ही सांगून संपवल्या. तिसरा तुकडा कोल्हापूरचा, तो अंबाबाईचा. तिथं ओटी भरली, पोरांनी भेळ खाल्ली.

कोल्हापूर सोडलं आणि गाडीत एक वेगळीच शांतता पसरली. इथून पुढं आमच्या घराण्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं, कारण जायला कारणच नव्हतं. मलकापूर गेलं, आंबा घाट लागला, आणि घाट उतरता उतरता काळी माती संपून तांबडी सुरू झाली.

‘ह्यात काय पिकतं?’ आबांनी विचारलं.

‘आंबा, काजू. पावसाळ्यात भात.’

‘ज्वारी?’

‘न्हाई.’

ज्वारी न पिकणाऱ्या मुलखात माणसं राहतात, ही गोष्ट पचवायला आबांना हातखंब्यापर्यंत वेळ लागला. त्यांना दोष देता येत नाही. मालदांडीचा एम ३५-१ हा वाण आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडला गेला. गावाला त्याचा अभिमान असो नसो, भाकरी त्याचीच असते.

हॉटेल उत्तम होतं. आधी पांढऱ्या भिंती, मग निळं पाणी, त्यामागं पुन्हा निळं पाणी. आबा थबकले ते पहिल्या निळ्या पाण्यापाशी.

‘समुद्र हितं असताना ही टाकी कशापायी?’

‘पोहायला, आबा.’

‘आन् समुद्र?’

‘बघायला.’

हे उत्तर दादानं गमतीत दिलं, पण गणपतीपुळ्यात ते बरंचसं खरं आहे. तिथला किनारा थोड्या पावलांत एकदम खोल होतो, ओढ भारी असते, आणि पोहायला आलेल्यांना तिथं जीव गमवावा लागलेला आहे. ठिकठिकाणी फलक आहेत, जीवरक्षकाची शिट्टी आहे. आबांचं लक्ष मात्र तलावावरून हटेना. त्यांनी काठानं पावलं टाकून लांबी-रुंदी घेतली, खोली काठावर लिहिलेलीच होती, आणि हिशेब मांडला: तीन लाख लिटर. दहा हजाराचे तीस टँकर. एकरभर डाळिंबाला ठिबकनं तीन आठवडे पुरलं असतं. हा हिशेब त्यांनी टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्यालाही सांगितला. तो अदबीनं ‘हो काका’ म्हणाला.

हा कंजूषपणा नव्हे. ज्यांच्या तोंडी मे महिन्यात ‘उजनी किती?’ हा रामरामाच्या जागी असलेला प्रश्न आहे, त्यांनाच ते कळेल. उजनीच्या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसी मृत साठा. उपयुक्त पाणी संपलं की टक्केवारी शून्याखाली जाते आणि लोक ‘मायनस वीस’, ‘मायनस तीस’ असं हवामान सांगावं तसं धरण सांगतात. २०२४च्या उन्हाळ्यात ते मायनस पन्नासच्याही खाली गेलं होतं. अशा मुलखातून आलेल्या माणसाला काठोकाठ भरलेली निळी टाकी दाखवून ‘आराम करा’ म्हणणं जरा जास्तच झालं.

आईचा आणि समुद्राचा परिचय देवळातून आल्यावर झाला. नवी नदी भेटली की आई तिची ओटी भरते, त्यात तिनं कधी कसूर केलेली नाही. पण समुद्र हा बाप्या. त्याला खण कसा द्यायचा? वहिनी म्हणाली, नारळ देतात, कोळी लोक नारळी पौर्णिमेला देतात तसा. आईनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ सोडला, हात जोडले. तिनं डोळे उघडेपर्यंत लाटेनं नारळ परत आणून तिच्या पायाशी ठेवला होता. तिनं पुन्हा सोडला. पुन्हा आला.

‘वापस केला,’ आबा म्हणाले. ‘आपल्याकडचा हाय म्हणून घेत न्हाई.’

‘भरती सुरू आहे काकू,’ शेजारचा शहाळेवाला म्हणाला. ‘ओहोटीला द्या, मग जाईल.’

इथं आबा एकदम जागे झाले. भरती-ओहोटी वेळापत्रकानं येते आणि ते वेळापत्रक तिथीवर चालतं, हे कळल्यावर समुद्राविषयीचं त्यांचं मत झपाट्यानं सुधारलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा शाळेतला ठोकताळा मला अजून पाठ आहे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. दर दिवशी पाऊण तास पुढं. शहाळेवाल्यानं त्यात जागेपरत्वे थोडं पुढंमागं करून घ्या म्हणून सांगितलं. पण आबांनी पंचांगात बघून वेळ काढली आणि हातातल्या घड्याळात बघत वाळूत उभे राहिले. पाणी वेळेवर चढलं. ‘कॅनॉलच्या आवर्तनापेक्षा बरं हाय,’ त्यांनी शेरा दिला. त्यानंतर हॉटेलात कुणीही समुद्राकडं निघालं की आबा त्याला थांबवून वेळ सांगू लागले. दोन दिवसांत तिथले पाहुणे जीवरक्षकाला विचारण्याऐवजी आमच्याकडं येऊ लागले.

भूमध्य समुद्राला ही मजा नाही. जिब्राल्टरपाशी त्याचं तोंड जेमतेम चौदा किलोमीटरचं, त्यामुळं बाहेरच्या महासागराची भरती आत फारशी पोचत नाही. पाणी बहुतेक ठिकाणी वीतभर चढतं आणि वीतभर उतरतं. म्हणूनच तिकडं पाण्यापासून चार हातांवर छत्र्या आणि खुर्च्या मोसमभर मांडून ठेवता येतात. आपल्याकडं मांडल्या तर दुपारी त्या रत्नागिरीला निघतील. इटलीत म्हणे त्या छत्र्यांच्या रांगा ठरलेल्या असतात. एकेक घराणं वर्षानुवर्षं त्याच किनाऱ्यावर, त्याच रांगेतली, तीच छत्री घेतं. शेजारची छत्री कुणाची ते ठाऊक असतं, त्यांच्या पोरांची लग्नं ठाऊक असतात, एखाद्या वर्षी म्हातारा दिसला नाही की चौकशी होते. हे वाचलं तेव्हा मला चंद्रभागेचं वाळवंट आठवलं. आषाढीला कुठल्या दिंडीनं कुठं उतरायचं, कुणी कुठल्या मठात राहायचं, हे तिथंही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. तेच दिवस, तीच जागा, तीच माणसं, आणि चुकवली तर वर्षभर रुखरुख. इटलीतली माणसं सुट्टीला जातात असं आपण समजतो. खरं तर ती वारीच करत असावीत, फक्त त्यांच्या देवाला कुणी बघितलेलं नाही.

हीच माणसं खुर्चीसाठी भांडतातही. माझी मामेबहीण जर्मनीत असते, ती दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या एका हॉटेलात जाते. तिच्या सांगण्याप्रमाणे तिथं खरा सामना पहाटे होतो. आरामखुर्च्या कमी, माणसं जास्त. मग जर्मन मंडळी सूर्य उगवायच्या आत येऊन खुर्चीवर टॉवेल टाकून जातात आणि नाश्ता करून निवांत परत येतात. इंग्रज लोक यावरून त्यांची टिंगल करतात, पण टॉवेल तेही टाकतात. स्पेनमधल्या काही गावांनी तर किनाऱ्यावर अशी जागा अडवणाऱ्यांना दंड ठेवलाय. मला यात परकं काहीच वाटलं नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आमच्याकडचे टॉवेल बोटीनं परदेशी जातात, तेव्हा त्या खुर्चीवर पसरलेला एखादा टॉवेल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून गेलेला असायला काहीच हरकत नाही. आईनं आमच्या खोलीतल्या टॉवेलाचा काठ उलटून बघितला, विणीवर बोट फिरवलं आणि ‘आपलाच हाय’ असा निर्वाळा दिला. त्यानंतर तिनं ते वापरले नाहीत. आपल्या गावचा नवा टॉवेल दुसऱ्याच्या घरी ओला कशाला करायचा? ती घरून आणलेल्या पंच्यानं अंग पुसत राहिली.

आमच्या हॉटेलातही समुद्राकडं तोंड केलेल्या चार आरामखुर्च्या होत्या, आणि काही न करण्याची दादाची योजना त्यांच्यावर अवलंबून होती. दादा बसला. दाजी, म्हणजे आमचे हे, बसले. आबांनाही बसवलं. पाच मिनिटांनी बघते तो आबांनी खुर्ची उचलून उलटी फिरवलेली, पाठ समुद्राकडं आणि तोंड पार्किंगकडं. ‘तिकडं काय बघायचं? काय बदलतच न्हाई.’ पार्किंगमध्ये मात्र बरंच काही बदलत होतं. एमएच-१३ची पाटी दिसली की आबा उठून उभे राहत. ‘कुठलं गाव?’ ‘बार्शी.’ ‘बार्शीत कुठं?’ मग सोयरीक निघे, निदान ओळखीचा कारखाना निघे. मे महिन्यात गणपतीपुळ्याला सोलापूर जिल्ह्याची एवढी माणसं असतात की दुसऱ्या संध्याकाळी खुर्च्यांची चौकट मोडून गोल झाला होता आणि उसाच्या बिलांवर चर्चा रंगली होती. समुद्र बिचारा मागं एकटाच आदळत होता.

किनाऱ्यावर उंटही होता. कोकणात उंट का, हा प्रश्न आबांनी कुणाला विचारला नाही. ते नुसते त्याच्याकडं बघत म्हणाले, ‘हा चुकून फुडं आला. मोहोळात उतरायचा हुता.’

आबा माळकरी. त्यामुळं समुद्रकाठी राहून मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. दादा आणि दाजी रोज संध्याकाळी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून जात आणि परतल्यावर बडीशेप चघळत दूरच्या खुर्चीवर बसत. एवढं चालून दोघांचंही वजन कसं वाढलं, याचा आईला अचंबा वाटला. आबांना सगळं कळत होतं. ते फक्त तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘दाजींना सुरमई मानवली का बघा, न्हाईतर मिरज वाटेतच हाय.’ स्वतः आबांनी उकडीचे मोदक पत्करले. पहिला मोदक त्यांनी संशयानं फोडला, दुसरा श्रद्धेनं, आणि पुढचे मोजले नाहीत.

आईची अडचण निराळी होती. हॉटेलात स्वयंपाकघर तिचं नव्हतं, आणि दुपारी दोनला बाईमाणसानं करायचं काय, याची तिला काहीच कल्पना नव्हती. तिनं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. भिंतीवर ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे’ अशी पाटी होती, पण कडक भाकरी हा खाद्यपदार्थ आहे हे तिथल्या कुणाला ओळखूच आलं नाही. खोली आवरायला पोरगा यायच्या आत ती चादरी घडी घालून, केर काढून मोकळी. त्यानं तक्रार केली की मावशी, मला काम ठेवा. तिनं त्याला बसवून भाकरी दिली. धुतलेलं लुगडं वाळेना, हा तिला दमट हवेचा खरा दोष वाटला. मोहोळात अर्ध्या तासात कडक होणारं लुगडं इथं दुसऱ्या दिवशीही दमट. बत्तीस अंशांत सदरा पाठीला चिकटतो, ही गोष्ट त्रेचाळीस अंशांत कोरड्या राहणाऱ्या माणसांना जरा लबाडीचीच वाटते. आमचं ऊन निदान समोरून मारतं.

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी कमी आलं. चौकशी केली तर टँकर यायचा होता. आबा ताडकन उठले. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात टँकर? खोली आवरणाऱ्या पोरानं सांगितलं की हो, पाऊस पडतो आणि उतारावरून समुद्रात जातो, जांभ्यात पाणी टिकत नाही, मे महिन्यात वरच्या वाड्यांवर हंडे घेऊन जावं लागतं. हे ऐकून आबांना दुःख व्हायला हवं होतं. झालं ते समाधान. इतके दिवस तो मुलूख त्यांना सुखवस्तू सासुरवाडीसारखा वाटत होता, आता एकदम चुलतभावाचा वाटू लागला. ते बादली घेऊन स्वतः टँकरपाशी जाऊन उभे राहिले. नंबर कसा लावतात, नळी कशी धरतात, ड्रायव्हरला चहा कधी विचारतात, याचं शिक्षण त्यांनी तिथल्या तिघांना दिलं. त्या दिवशी आबा सहलीवर आल्यापासून सर्वात खूश होते.

त्याच पोराकडून आणखी एक कळलं. त्याची आजी भातं कापून झाली की कार्तिकीला दिंडीबरोबर पंढरपूरला जाते. आषाढीला जमत नाही, तेव्हा लावणी असते. ‘चंद्रभागेत आंघोळ केल्याशिवाय ती परत फिरत नाही,’ तो म्हणाला. दारात अख्खा समुद्र ठेवून ती बाई एवढा घाट चढून आमच्या गुडघाभर पाण्यात डुबकी मारायला येते, आणि आम्ही तो घाट उतरून इथं. आबांनी त्याला मोहोळचा पत्ता कागदावर लिहून दिला. ‘आजीला म्हणावं, फुडच्या टायमाला मुक्कामाला या. हाटेलात पैसं घालू नका.’ हॉटेलच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी हे सांगितलं.

नद्यांचा प्रश्न निघाला तो शेवटच्या संध्याकाळी. आबांनी विचारलं, आपली भीमा ह्या समुद्राला कुठं मिळते? मी सांगितलं, ती इथं येतच नाही. भीमाशंकराला, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून जवळच म्हणायचं अशा ठिकाणी उगवते आणि या समुद्राकडं पाठ फिरवून निघते ती सगळा महाराष्ट्र ओलांडून. आपली सीना तिला हत्तरसंग कुडलला मिळते, भीमा पुढं कृष्णेला, आणि कृष्णा थेट पूर्वेच्या समुद्राला.

‘म्हंजे ह्यात आपलं काईच न्हाई?’

‘काहीच नाही.’

आबा थोडा वेळ लाटांकडं बघत राहिले. ‘तरीच नारळ घेत नव्हता,’ म्हणाले.

परत आल्यावर गावात त्यांनी सांगितलं ते एवढंच, की पुळ्याच्या गणपतीला जाऊन आलो. प्रसाद वाटला. हॉटेल, तलाव, खुर्च्या यांतलं अक्षर नाही. पण पोरांनी मोबाईल दाखवला आणि शेजारच्या तात्यांनी त्यातला फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ निरखला. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. हॉटेलचा नंबर असला तर द्या म्हणाले. तात्या पडले नास्तिक, देवाचं निमित्त त्यांना चालणार नव्हतं, म्हणून ते रात्रभर विचार करून आले होते.

‘डॉक्टरनं गुडघ्याला खारी हवा सांगितलीया.’

‘कुठल्या डॉक्टरनं?’ आबांनी विचारलं.

‘मिरजेच्या.’

‘मग पावसाळ्यात जावा,’ आबा म्हणाले, ‘तवा भाडं निम्मं असतं. गुडघा दुखंल, पर भाडं निम्मं.’